आजी, थांबू नको!

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग यंदाच्या पावसाने छळलं, मग नुसताच कंटाळा... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. तीस वर्षं वर्गात बसून ऐकली आहेत, त्यामुळे माझी सगळी पाठ आहेत.

मागे लातूरला एका लग्नाला गेले होते. जेवणं झाल्यावर आम्ही सगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्या मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. पलीकडे पाच-सहा पोरं भिंतीला टेकून, मोबाईल आडवे धरून, अंगठ्यांनी काहीतरी करत होती. आमच्यातले एक व्याही म्हणाले, "सरकारने गेम बंद केले ते फार बरं झालं. पोरं हातची गेली होती."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळे नाही हो बंद केले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, त्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद झाले. ई-स्पोर्ट्सला उलट त्याच कायद्याने मान्यता दिली. ही पोरं खेळतायत तो त्यातला प्रकार आहे."

एकदम शांतता. नणंदेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर मांडवात शिटी वाजवली. "तुला गं काय माहीत?"

तर मला काय माहीत आणि कसं माहीत, ते आज सांगते. म्हणजे पुढच्या लग्नात पुन्हा सांगायला नको.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. नातू तेव्हा लातूरला होता. त्या वर्षीच्या नीटमध्ये त्याचा नंबर लागला नव्हता आणि तो दुसऱ्यांदा तयारी करत होता. आमच्या भागात याला 'रिपीटर' म्हणतात. काय शब्द आहे बघा! पोराला कोणी नाव विचारत नाही, "रिपीटर का?" एवढंच विचारतात. वसतिगृहातली खोली, सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट, रविवारी मोठी टेस्ट. दिवाळीला पाच दिवस सुट्टी मिळाली. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेडला आला, तेव्हा चेहरा असा की मी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी घरात रणकंदन. लेकाने त्याचा मोबाईल पाहिला. त्यात नवा गेम. "दोन लाख फी भरून हे करतोय हा!" वगैरे. सून स्वयंपाकघरात चकल्यांकडे तोंड करून उभी. शेवटी लेक माझ्याकडे आला, "आई, तूच समजाव. तू मास्तरीण आहेस."

मास्तरीण आहे खरी. म्हणून मी आधी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. (नोकरीत असताना दरवेळी ऐकलं असं नाही. त्याबद्दल पुढे.) माळ्यावरच्या खोलीत गेले, त्याच्या शेजारी गादीवर बसले आणि म्हटलं, "सोन्या, दाखव काय आहे ते."

त्याला वाटलं मी पुरावा गोळा करतेय. मग हळूहळू खुलला. गेमचं नाव 'इंडस'. पुण्यातल्या सुपरगेमिंग नावाच्या कंपनीने बनवलेला, १६ ऑक्टोबर २०२४ ला आलेला, म्हणजे तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचा. येण्याआधीच एक कोटीहून जास्त लोकांनी नावं नोंदवून ठेवली होती म्हणे. कल्पना काय, तर सिंधू संस्कृती संपलीच नाही, वाढत गेली आणि तिची माणसं अंतराळात फिरू लागली, असं समजायचं. मोहेंजोदडोची विटांची बांधकामं, ती मुद्रा, ते स्नानगृह मी सातवी-आठवीला किती वर्षं शिकवलं! पुस्तकातलं चित्र एवढंसं, काळपट, त्यात काही दिसायचं नाही. मी मनातून सरसावून बसले. खोटं कशाला सांगू.

पहिलं दर्शन सुंदर. एक बेट आहे, त्याला विरलोक म्हणतात. (मूळ वीरलोक असावं. इंग्रजीच्या वाटेने आलेले आपलेच शब्द असे पाय मुरगाळून येतात.) आपण आकाशातून खाली उतरतो. कमानी, खांब, जुन्या देवळांची आठवण व्हावी अशी बांधकामं आणि त्यांच्यातच यंत्रं. खेळणाऱ्याला 'मिथवॉकर' म्हणतात आणि तो कॉस्मियम नावाच्या एका मौल्यवान पदार्थाच्या शोधात आलेला असतो. मिथवॉकरांत एक मोर-नी आहे, मोरासारखी. एक आहे बिग गज. आता गज म्हणजे हत्ती, बिग गज म्हणजे मोठा हत्ती. आमच्याकडे छोटा हत्ती भाजी मंडईत उभा असतो, त्याचं हे थोरलं भावंड म्हणायचं.

नातवाने मोबाईल माझ्या हातात दिला. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवायची. पाच मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून चालत होते. मग जमलं. एका कमानीशी पोचले आणि वर काय कोरलंय ते बघायला थांबले.

"आजी, थांबू नको!"

"अरे, जरा बघू दे की..."

"आजी, थांबू नको, मारतील!"

आणि मारलं. कोणी, कुठून, काही कळलं नाही.

दुसऱ्यांदा गेले. या वेळी एका अंगणासारख्या जागेत शिरले. इथे कोण राहत असेल, पाणी कुठून आणत असतील, असा विचार चालू होता. पुन्हा मेले. तिसऱ्यांदा मी मुद्दाम एका कोपऱ्यात लपून बसले, तर नातू म्हणे तेही चालत नाही. सुरक्षित जागेचं वर्तुळ आवळत येतं, त्याच्या बाहेर राहिलं तरी मरण. शेवटी एकच उरतो, तो जिंकतो. नाहीतर ते कॉस्मियम ज्याच्या हाती लागेल आणि जो ते टिकवेल तो.

या प्रकाराला 'बॅटल रॉयल' म्हणतात. पबजीने २०१७ मध्ये तो घरोघर नेला. पबजी मोबाईलवर आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, मग २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने तो परत आला, वगैरे इतिहास पोरांना पानिपतापेक्षा चांगला ठाऊक आहे. मला मात्र या नावाचं मूळ कळलं तेव्हा अंगावर काटा आला. 'बॅटल रॉयल' ही कौशुन ताकामी या जपानी लेखकाची १९९९ ची कादंबरी. तीत सरकार नववीच्या एका वर्गाला उचलून एका बेटावर सोडतं आणि शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावतं. नववीचा वर्ग! मी नववीची वर्गशिक्षिका होते. पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमाही आला. लेखकाने भयंकर म्हणून जे लिहिलं, त्याचा वीस वर्षांत करमणुकीचा साचा झाला. आणि एक जास्तीचं सुचलं ते लिहूनच टाकते. लातूरच्या ज्या खोलीत माझा नातू राहत होता, तिथेही वर्तुळ आवळतच होतं. लाखो पोरं उतरलेली, जागा थोड्या आणि भिंतीवर रोजची रँक लावलेली. पोरांना हा खेळ ओळखीचा वाटतो यात नवल काय?

तर माझं पहिलं मत झालं ते असं: घर फार छान बांधलंय, पण घरात कोणी राहत नाही.

इथे मला वडिलांबद्दल सांगावं लागेल.

वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. तेव्हा वरचं शिक्षण सगळं उर्दूतूनच. गिरदावर होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, कचेरीची भाषा बदलली. वडिलांचं सुरेख उर्दू अक्षर कोणाच्या कामाचं उरलं नाही. मराठी मोडत-माडत लिहायचे आणि हाताखालच्या कारकुनाकडून दुरुस्त करून घ्यायचे. आम्हाला तेव्हा त्यात काही दुःख असेल असं वाटलंही नाही. आता वाटतं.

पण त्या उर्दूचा एक उपयोग रोज रात्री होत असे. चौफाळ्यातल्या आमच्या वाड्यात त्यांच्याकडे 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा एक खंड होता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून हे खंड काढले. मुहम्मद हुसेन जाह यांनी सुरुवात केली आणि अहमद हुसेन कमर यांनी पुढे नेले. एकूण सात खंड. आमच्याकडे एकच, तोही मधला आणि वाळवीने खाल्लेला. म्हणजे गोष्टीला सुरुवात नाही, शेवट नाही. कंदिलाच्या उजेडात वडील उर्दू वाचत आणि वाचता वाचता आम्हाला मराठीत सांगत. पान फाटलेलं असेल तिथे पदरचं घालत. आई म्हणायची, "लेकरांच्या डोक्यात भुतं भरू नका." पण तीही दाराआड उभी असायची.

तिलिस्म म्हणजे जादूने रचलेलं एक राज्य. अफ्रासियाब त्याचा बादशहा. राज्याचे तीन भाग: एक उघड दिसणारा, एक लपलेला, एक अंधाराचा. मध्ये रक्ताची नदी वाहते. आत शिरलेल्याला बाहेरची वाट सापडत नाही. ते तोडायचं ज्याच्या नशिबी आहे, तो असद हा हमजाचा नातू. पण आम्हा भावंडांचा लाडका कोण, तर अमर ऐयार. त्याला जादू येत नाही. तो सोंगं घेतो, कधी म्हातारी, कधी गवई, कधी शत्रूचाच नोकर. अंगावर घेतलं की दिसेनासं व्हावं असं एक पांघरूण त्याच्याजवळ आणि खांद्याला एक झोळी, जंबील. त्या झोळीत काहीही मावतं. माणसं, घोडे, अख्खी शहरं! आम्ही विचारायचो, "दादा, तिच्यात आपला वाडा मावेल?" वडील गंभीरपणे म्हणायचे, "मावेल, पण विहीर मावणार नाही." विहीर का नाही, ते कधी सांगितलं नाही.

आता गंमत बघा. नातवाने मला गेममध्ये 'इन्व्हेंटरी' दाखवली. पाठीवरची पिशवी, तिच्यात बंदुका, औषधं, चिलखतं, काय वाट्टेल ते. मी म्हटलं, "ही तर जंबील!" त्याला काही कळेना. मग मी त्याला पासष्ट वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगितली. रात्रीचे दीड वाजले. खाली लेकाला वाटलं, समजावणं जोरात चाललंय.

ऐकून झाल्यावर नातू म्हणाला, "आजी, तू म्हणतेस तो प्रकार वेगळा. त्याला आरपीजी म्हणतात. हा बॅटल रॉयल आहे, यात गोष्ट नसते." थोडक्यात, मी आंब्याला फणस का नाही म्हणून रागवत होते. ते खरंच होतं, म्हणून मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

मग त्याने माझी शिकवणी घेतली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच मित्र. प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, आणि एकाने गोष्ट सांगायची. पुढे ते कॉम्प्युटरवर गेलं, मग इंटरनेटवर. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि जगभरची लाखो माणसं एकाच मायावी जगात हिंडू लागली. तिथे म्हणे माणसं नुसती मासे धरत बसतात, दुकान मांडतात, गप्पा मारतात. तिथे थांबता येतं!

भूमिका घेणं काय असतं हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना कोणी अमेरिकेतून शिकवायला नको. सुगी झाली की बहुरूपी यायचे. मी खेड्यात नोकरीला असताना एकदा भर वर्गात एक फौजदार शिरला आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाल्याचं सांगू लागला. आरोप काय, तर पाढे चुकीचे शिकवले. पोरं पोट धरून हसत होती आणि मी खरंच घाबरले होते. खाकी कपडे तर कोणीही घालेल. त्याची चाल, दरडावणं, कागद झटकण्याची लकब, सगळं फौजदाराचं होतं. एका पोराने खरोखरची तक्रार केली, शेजारच्याने पेन्सिल घेतली म्हणून. तर त्याने सोंगातून बाहेर न येता तिचाही निवाडा केला!

'इंडस'बद्दल माझी तक्रार इथे आहे आणि ती नातवाने समजावल्यानंतरही गेलेली नाही. मोराचा पिसारा दिला, हत्तीचं नाव दिलं, सिंधूचं नाव दिलं. पण मोर-नी झालं काय आणि बिग गज झालं काय, माझ्या त्या तीन फेऱ्यांत तरी करायचं एकच होतं, दिसेल त्याला गोळी घालायची. नावं काढून घेतली, तर हाच खेळ कोरियात किंवा टेक्सासात घडू शकला असता. आपली संस्कृती म्हणजे काही कपाटातले कपडे नाहीत. सिंधूच्या शहरांबद्दल मी मुलांना काय शिकवत होते? सांडपाण्याची गटारं, धान्याची कोठारं, वजनं-मापं. आणि लढाईच्या खुणा फार कमी सापडतात, हेही. त्या लोकांच्या नावाने बेट बांधायचं आणि त्यावर फक्त गोळीबार ठेवायचा, हे मला जरा विचित्र वाटलं. त्यांची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, मुद्रांवरचा तो एकशिंगी प्राणी कोणता हे नक्की माहीत नाही. गोष्ट रचणाऱ्याला याहून मोठं आमंत्रण कोणतं हवं?

पुण्याच्या पोरांनी एवढं मोठं काम उभं केलं याचं मला कौतुक नाही असं कोणी समजू नये. आहे. म्हणूनच तक्रार करते. कौतुक नसलेल्या वहीवर मी कधी लाल शाईने शेरा लिहिला नाही, नुसती सही केली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या रात्री मी नातवाला विचारलं, "तुला यात नक्की आवडतं काय?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, दिवसभर मी कोणाशी बोलतच नाही."

खोलीत दोघं, पण दुसऱ्याचा क्लास वेगळ्या वेळेला. मेसमध्ये सगळे पुस्तक उघडून जेवतात. आई-बाबांचा फोन आला की मार्क विचारतात. (मीही विचारत होते.) रात्री साडेदहाला दहावीपर्यंतचे चार मित्र कानाला हेडफोन लावून एकत्र उतरायचे. एक उदगीरला, एक कोट्याला, एक इथे नांदेडात आणि हा. आधी बीजीएमआय, आता हा नवीन. पाऊण तास. "खेळतो कमी, बोलतो जास्त," म्हणाला. चौघांच्या तुकडीत एखादा जखमी होऊन पडला, तर दुसरा त्याच्याजवळ जाऊन त्याला उठवू शकतो. पण उठवताना स्वतः उघड्यावर राहावं लागतं, बऱ्याचदा जीव जातो. ते काम कायम हा करतो. मित्र त्याला तुकडीतला डॉक्टर म्हणतात.

मी अंधारात बसून होते ते बरं झालं.

म्हणजे गेममध्ये भूमिका नाही हे माझं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. कंपनीने दिली नसेल, पोरांनी आपली आपण घेतली होती. आम्ही लहानपणी पुस्तकाच्या फाटक्या पानांच्या जागी पदरचं ऐकायचो, तसंच काहीसं.

सकाळी मी लेकाला सांगितलं, "मोबाईल घेऊ नकोस. पाऊण तास राहू दे." तो चिडला. त्याचंही चूक नव्हतं. पैसे त्याचे, काळजी त्याची, आणि पाऊण तासाचे तीन तास होतात हेही त्याने कुठे कुठे पाहिलेलं. "उद्या नंबर नाही लागला तर तू जबाबदार का?" असं तो मला म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तरी मी हटले नाही, त्याला एक कारण आहे.

१९८१ च्या सुमारास मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवत होते. नववीतला एक मुलगा गणिताच्या पुस्तकात दडवून बाबूराव अर्नाळकरांची झुंजारकथा वाचत होता. मी ती काढून घेतली. वर्गासमोर दोन शब्द सुनावले. "वार्षिक परीक्षा झाल्यावर मिळेल," म्हटलं आणि कपाटात टाकली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. आई-बापासोबत ऊसतोडीला गेला आणि परत आलाच नाही. पुस्तक माझ्याकडे राहिलं. तीन बदल्या झाल्या, दोन घरं बदलली, ते दर वेळी माझ्या ट्रंकेत येत राहिलं. कव्हर नाही, शेवटची आठ पानं नाहीत. त्या मुलाला शेवट माहीत होता की नव्हता, कोणास ठाऊक. मी त्याला गणित शिकवलं असेल, पण त्याने आनंदाने वाचलेली एकमेव गोष्ट बहुधा मीच मध्ये तोडली. लेकाला हे सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

असो. भाऊबीजेच्या दिवशी नातवाने सुनेच्या लॅपटॉपवर मला दुसरा एक गेम दाखवला. "आजी, हा तुझ्यासारख्यांचा आहे." पैसे मी दिले, दिवाळीची बक्षिसी म्हणून. 'राजी'. हाही पुण्याचाच, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा, २०२० साली आलेला. त्यांनी आधी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही. तरी नेटाने पुरा केला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. हा इंटरनेटवर मिळून खेळायचा नाही, एकट्याने खेळायचा आहे. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस गावातली मुलं पळवून नेतात, त्यात गोलू जातो आणि ही त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. सगळी कहाणी दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात, जसं आपल्या पोथ्यांमध्ये शंकर पार्वतीला सांगतो. मधले प्रसंग छायाबाहुल्यांनी दाखवलेत. मला कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींची आठवण झाली, त्यांची चित्रकथी आणि बाहुल्या.

आणि इथे थांबता येतं! भिंतीवर चित्रं रंगवलेली आहेत. समोर उभं राहिलं की त्या चित्राची गोष्ट दुर्गा सांगते. कोणी मारत नाही.

आम्ही कामं वाटून घेतली. राक्षस आले की लॅपटॉप नातवाकडे, माझ्या बोटांना तो वेग झेपत नाही. चित्रं आली की माझ्याकडे. मध्ये मध्ये एक मंडल येतं, त्याची गोल गोल कडी फिरवून चित्र जुळवायचं असतं, तेही माझं काम. भाऊबीजेच्या रात्री सून ताट घेऊन वर आली, तर सासू आणि लेक दोघं लॅपटॉपला चिकटलेले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तीही बसली.

उणिवा यातही आहेत. लढाया फार आणि एकसारख्या. आम्ही खेळलो तेव्हा बोलणं इंग्रजीत चालू होतं. हिंदी आवाज २०२२ मध्ये घातलाय, तो कुठे बदलायचा हे आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडलं. मराठी असता तर माझ्या किती मैत्रिणींना दाखवला असता.

हे सगळं म्हणजे मी गेमची वकील झाले असंही नाही. नातवाने एक चिनी गेमही दाखवला, २०२० चा 'गेन्शिन इम्पॅक्ट'. दिसायला स्वर्ग, फिरायला मोकळं, फुकट. पण हवं ते पात्र मिळवायला 'विश' करायची, म्हणजे सोडतच. सगळ्यात वरच्या दर्जाचं पात्र निघण्याची शक्यता दर वेळी ०.६ टक्के. नव्वद वेळा केल्यावर वरच्या दर्जाचं एक नक्की, तेही हवं तेच असेल असं नाही. सोडतीची नाणी खेळून थोडी थोडी मिळतात, घाई असेल तर पैसे भरून. रोज येऊन ठरलेली चार कामं केली की थोडं बक्षीस, त्यामुळे पोर रोज येतं. ऑगस्टच्या कायद्यात हे बसत नाही असं दिसतं, कारण इथून पैसे परत मिळतच नाहीत. फक्त जातात! मला विचाराल तर गोळीबारापेक्षा हे जास्त लबाड आहे. जत्रेतल्या चक्रीवाल्याला आम्ही निदान तोंडावर ओळखत होतो. पोरांच्या मागे लागायचंच असेल तर "गेम खेळू नको" म्हणून लागू नका, "यात ०.६ टक्के म्हणजे काय, मला समजावून सांग" म्हणून लागा. बारावीच्या पोराला संभाव्यता येते. नातवाने कागदावर गणित मांडलं आणि स्वतःच गप्प झाला.

२०२५ च्या नीटमध्ये त्याला एमबीबीएस मिळालं नाही. फिजिक्सचा पेपर भलताच अवघड होता. आयुर्वेदाला प्रवेश मिळाला, तिथे रमलाय असं वाटतं. निकालाच्या दिवशी लेक माझ्याकडे आला, काही म्हणेल असं वाटलं. पण नुसता शेजारी बसून राहिला. 'इंडस' नातवाने केव्हाच काढून टाकला, मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून. चौघं मित्र मात्र अजून रात्री बोलतात. कोट्याचा मुलगा घरी परत आलाय. तो का परत आला, हे नातू सांगत नाही आणि मी विचारत नाही.

'राजी' सुनेच्या लॅपटॉपवर अजून आहे. नातू गेल्यावर मी एकटीने पुढे जायचा प्रयत्न केला. एका अंगणात चार राक्षस आहेत, तिथे मी अडकले आहे. सतरा वेळा मेले, मोजलंय. गोलू अजून पुढे कुठेतरी आहे. नातू पाडव्याला येतो म्हणालाय. येताना हेडफोन आण म्हटलं आहे, मला दुर्गेचं बोलणं नीट ऐकू येत नाही.